नकार भिंतीवर, होकार तोंडी
(दुकानांतील पाट्यांचा एक अभ्यास)

प्रत्येक दुकानाला दोन प्रकारच्या पाट्या असतात. एक बाहेरची, रस्त्याकडे तोंड करून असलेली. तिच्यावर दुकानाचे नाव आणि मालाचा प्रकार. दुसरी आतली, गल्ल्याच्या मागे, काचेवर, खांबावर किंवा वजनकाट्याच्या डोक्यावर चिकटवलेली. बाहेरच्या पाटीवर आपल्याकडे भरपूर खल झाला आहे. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असेही ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली.

आतल्या पाटीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नाही. पुणेरी पाट्यांचे विनोद होतात, फोटो फिरतात, दिवाळी अंकांत चौकटी भरतात, पण या पाट्या नेमके काय काम करतात हा प्रश्न बाजूलाच राहतो. गेली काही वर्षे मी त्या वहीत उतरवून घेतो आहे. किराणा, कापड, स्टेशनरी, भांडी, औषधे, सायकल दुरुस्ती, पिठाची गिरणी, खाणावळ असे कुठलेच दुकान मी वर्ज्य मानले नाही. या टिपणांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. आपल्या छोट्या दुकानदाराचा नकार लिहिलेला असतो आणि होकार तोंडी असतो. ‘उधारी बंद’ ही पाटी ज्या भिंतीवर आहे, तिच्याच खाली उधारीची वही उघडी पडलेली असते. ‘माल बदलून मिळणार नाही’ असे लिहिणारा दुकानदार ओळखीच्या बाईंना साडी तीनदा बदलून देतो. जे चांगले आहे ते ओळखीच्या माणसालाच माहीत असते. नवख्या गिऱ्हाइकाला फक्त भिंत दिसते.

छोट्या दुकानाच्या धंद्याचे यात जे नुकसान होते, त्याचा विचार या लेखात करायचा आहे.

पाटी कोणासाठी?

आतली पाटी सहसा हौसेने लागत नाही. तिच्यामागे एखादा प्रसंग असतो. कोणी तरी तीन महिन्यांची उधारी बुडवून गाव सोडले, कोणी धुतलेला शर्ट परत आणून ‘नवाच आहे’ म्हणून वाद घातला, कोणी पाचशेची नोट मोडायला दोन रुपयांची पेन्सिल घेतली. दुकानदाराने त्या रात्री मनस्तापात एक वाक्य तयार केले आणि सकाळी रंगाऱ्याला बोलावले. ज्याच्यासाठी पाटी लिहिली, तो माणूस पुन्हा त्या दुकानात आलाच नाही. पाटी मात्र पुढची वीस वर्षे उरलेल्या सगळ्या सज्जनांना वाचावी लागली.

अशा पाट्यांना साहित्यातही जागा मिळाली आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील सूचनांवर निसीम एझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची तुलना करताना पुणेरी दुकानदाराच्या लेखी गिऱ्हाइकाची काय किंमत असते, हे सांगून महाराष्ट्राला पोटभर हसवले. पण हसताना एक गोष्ट निसटते. त्या दुकानदाराचा माल चोख असे, भाव रास्त असे आणि पर्यायी दुकाने मोजकी असत. म्हणून त्याचा तुसडेपणा खपला. आज पवईत २००२ साली सुरू झालेल्या डी-मार्टसारखी दालने तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत आणि शहरांत दहा मिनिटांत दारी सामान टाकणारी ॲप्स आहेत. त्यांचे नकार भिंतीवर नसतात. ते बारीक अक्षरातल्या अटींत दडवलेले असतात. भिंतीवर फक्त होकार, तोही मोठ्या अक्षरांत. छोट्या दुकानाचे सगळे नेमके याच्या उलटे आहे.

मराठी भाषेने गिऱ्हाइकाला तसा मान दिलेला आहे. हा शब्द संस्कृत ‘ग्राहक’चे बोलीतले रूप. दिवसाची पहिली विक्री म्हणजे ‘भवानी’, देवीचेच नाव. पहिल्या गिऱ्हाइकाला शक्यतो रिकाम्या हाताने जाऊ देऊ नये, असा संकेत जुने दुकानदार पाळतात. पण याच भाषेत ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडवणे. दोन्ही अर्थ आपल्या बाजारपेठेत एकाच वेळी नांदत आले आहेत.

आता काही नेहमीच्या पाट्या एकेक करून तपासू.

‘आज रोख, उद्या उधार’

ही पाटी बहुधा सर्वांत जुनी आणि सर्वांत खोटी. वाण्याच्या दुकानाचा मोठा आधार उधारी हाच होता. ज्या घरात पगार महिन्याला येतो किंवा शेतमालाचा पैसा हंगामाला येतो, त्या घराला रोजचे मीठ-तेल रोखीने कसे घेता येईल? ‘मांडून ठेवा’ हे दोन शब्द उच्चारण्याचा हक्क म्हणजे त्या माणसाची गावातली पत. उधारीने गिऱ्हाईक बांधले जाते हे खरे आणि ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ हेही खरे.

अडचण उधारी देण्यात नसून तिला काठ नसण्यात आहे. पाटी ‘बंद’ म्हणते, व्यवहार ‘चालू’ म्हणतो, आणि मर्यादा दोन्हीकडे लिहिलेली नाही. मग वसुलीची वेळ आली की दुकानदार तोंड चुकवतो आणि गिऱ्हाईक दुकान चुकवते. थकलेल्या बाकीपायी माणूस पलीकडच्या गल्लीतून जाऊ लागतो. पैसे गेले ते गेले, रोखीचे गिऱ्हाईकही गेले.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक खात्याला रक्कम आणि तारीख ठरवून द्यावी आणि ती पहिल्याच दिवशी, हसतमुखाने, तोंडी सांगावी: ‘दोन हजारांपर्यंत लिहून ठेवू, दहा तारखेला पूर्ण करायचे.’ दर महिन्याला बाकी दाखवून वहीत सही घ्यावी. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. १९६३च्या मुदत कायद्यानुसार, पैसे देण्याची वेगळी मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत माल दिल्यापासून तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. किराण्याच्या बाकीसाठी कोर्टात कोणी जात नाही, हे मान्य. पण सही केलेली बाकी विसरली जात नाही आणि तिच्यावरून भांडणही होत नाही, हा तिचा खरा उपयोग.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

पाटीवर, बिलाच्या तळाशी, पिशवीवर, जागा मिळेल तिथे हे वाक्य असते. ते लिहिले की आपली जबाबदारी संपली, असे बहुतेक दुकानदारांना मनापासून वाटते. कायदा तसे मानत नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला. सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलेली नसेल तर तीस दिवसांत, माल परत घ्यावा लागतो. बिल न देणे हीदेखील त्याच यादीतली प्रथा आहे.

येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. कायदा सदोष मालाबद्दल बोलतो. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, सासूबाईंना काठ पसंत पडला नाही, अशा कारणांनी माल परत घ्यायची सक्ती या तरतुदीत नाही. म्हणजे दुकानदाराच्या हातात दोन वेगळे प्रश्न आहेत. खराब निघालेला माल आणि मन बदललेले गिऱ्हाईक. सरसकट नकाराची पाटी या दोघांना एकाच दोरीने बांधते आणि पहिल्याच्या बाबतीत दुकानदाराला अडचणीत आणते.

त्याऐवजी असे लिहिले तर? ‘माल खराब निघाल्यास बिलासह तीस दिवसांत बदलून किंवा पैसे परत. न वापरलेला माल सात दिवसांत बदलून मिळेल. आतले कपडे व कापलेले कापड सोडून.’ यातही नकार आहे, पण तो होकाराच्या पोटात आहे. विशेष म्हणजे बहुतेक दुकानदार प्रत्यक्षात एवढे करतातच. फक्त हुज्जत घालून करतात. बदलून द्यायचेच असेल तर हुज्जतीचे दहा शब्द वाचवावेत. त्या दहा शब्दांनी माल बदलून दिल्याचे सगळे श्रेय घालवलेले असते.

‘भाव ठरलेला’ आणि ‘सुटे पैसे द्यावेत’

‘भाव ठरलेला’ किंवा ‘एकच भाव’ ही पाटी नकाराची वाटली तरी मूळची समतेची आहे. घासाघीस करणाऱ्याला स्वस्त आणि भिडस्ताला महाग, हा अन्याय ती संपवते. पण पाटीमागे भाव खरोखर एकच हवा. दुकानदाराने एकदा एका ओळखीच्याला दहा रुपये सोडले आणि शेजारी उभ्या असलेल्याने ते ऐकले, की पाटीचा कागद होतो. सवलत द्यायचीच असेल तर तिचे कारण सर्वांना मिळवता येईल असे असावे: अमुक नगांवर, अमुक रकमेवर, अमुक दिवशी.

वेष्टनबंद मालावर तर कमाल किरकोळ किंमत छापलेलीच असते. ती कमाल आहे. कमी भावात विकायला मुभा आहे, जास्त घेणे हा वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार गुन्हा आहे. थंड पेयावर ‘गार करण्याचे’ दोन रुपये जादा घेणारे दुकान दोन रुपयांत स्वतःची पत विकते. उलट भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या चार काड्या ‘वर’ टाकतात. त्यांची किंमत नगण्य, पण व्यवहार मापाच्या थोडा पुढे गेला, याची दोन्हीकडे नोंद होते.

सुट्या पैशांची पाटी २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने बरीचशी निकामी केली. तिच्याबरोबर सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवण्याची प्रथाही मागे पडली. गिऱ्हाइकाच्या हक्काच्या पैशाचा माल त्याला न विचारता विकायचा, असा तो प्रकार होता. काही ठिकाणी मात्र ‘दहा रुपयांचे नाणे घेतले जाणार नाही’ असे अजून लिहिलेले दिसते. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की दहा रुपयांच्या नाण्यांच्या तेव्हा चलनात असलेल्या सर्व चौदा नमुन्यांचा चलन म्हणून स्वीकार करावा. देशाचे नाणे नाकारणारी पाटी आपल्या डोक्यावर आहे, याचा त्या दुकानदाराला पत्ताही नसतो.

‘आमची कोठेही शाखा नाही’

या पाटीवर सर्वांत जास्त विनोद झाले आणि तिच्या वाट्याला सर्वांत कमी समज आली. लोक तिला आढ्यता समजतात. मुळात ती एक संरक्षक तटबंदी आहे. मिसळ, चिवडा, चिक्की, भेळ, मसाले अशा धंद्यांत नाव गाजले की शेजारच्या चौकात त्याच नावाला ‘जुने’, ‘मूळ’, ‘सुप्रसिद्ध’ अशी उपपदे लावून दुसरे दुकान उभे राहते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून मूळ मालक पाटी लावतो. ती गिऱ्हाइकाला सांगते: तिकडे जे खाल्ले ते आमचे नव्हे.

परंतु पाटी आपल्या दुकानात आलेल्यालाच वाचता येते. चुकून दुसरीकडे गेलेल्याला ती कशी दिसणार? त्यासाठी नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी हवी. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली व्यक्ती किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे साडेचार हजार रुपये शासकीय शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा वाढवता येते. नोंदणी नसेल तरी आपल्या नावावर दुसऱ्याने माल खपवल्यास कोर्टात दाद मागता येते. मात्र तेव्हा आपले नाव किती जुने व किती परिचित हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. जुनी बिले, जाहिराती, परवाने जपून ठेवावेत, ते यासाठी. कित्येक दुकानदार दिवाळीच्या साफसफाईत नेमके तेच बंबात घालतात.

‘दुपारी १ ते ४ बंद’

आता थोडी उलटी बाजू. ज्या पाटीची सर्वाधिक टर उडवली गेली, ती मला आतल्या पाट्यांतली आदर्श पाटी वाटते. ती कोणावर संशय घेत नाही, कोणाला उपदेश करत नाही. किती वाजता यायचे नाही हे सांगते आणि त्यामुळे किती वाजता यायचे तेही सांगते. आणि मुख्य म्हणजे ती पाळली जाते. चार वाजता फळी उघडणार म्हणजे उघडणार. पुण्यातल्या एका नामांकित मिठाईवाल्यांनी दुपारची सुट्टी मोडली तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी झाली. एका दुकानाची वेळ बदलणे ही बातमी ठरते, याचा अर्थ ती वेळ लोकांच्या दिनक्रमात मुरलेली होती.

ज्या दुकानात एकच माणूस आहे, त्याला जेवायला आणि पाठ टेकायला वेळ हवाच. दिवसभर उघडे राहून दुपारी गिऱ्हाइकावर खेकसण्यापेक्षा तीन तास बंद राहून चार वाजता ताजेतवाने उभे राहणे ही अधिक चांगली सेवा आहे. गिऱ्हाइकाला चोवीस तास नको असतात. त्याला खेप फुकट जाऊ नये, एवढेच हवे असते. ‘मालक बाहेर गेले आहेत, येतील एवढ्यात’ या वाक्याने जितकी गिऱ्हाइके गमावली जातात, तितकी दुपारच्या झोपेने नाही.

गांधीजींची पाटी

एक पाटी मात्र होकाराची आहे, आणि ती बँकांपासून किराण्यापर्यंत सर्वत्र आढळते. गांधीजींच्या चित्राखाली मजकूर असतो: ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नसून आपण त्याच्यावर आहोत, वगैरे. काही ठिकाणी खाली ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०’ असेही छापलेले असते. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोचले ते १८९३ साली. १८९० मध्ये ते लंडनला कायद्याचे विद्यार्थी होते. या मजकुराशी अगदी जुळणारा मजकूर १९४१ साली ‘प्रिंटर्स इंक’ या अमेरिकन जाहिरात-व्यवसायाच्या नियतकालिकात आला. तो स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावावर होता. पुढे अमेरिकेतल्या दुकानदारीत तो पसरला आणि आपल्याकडे येता येता त्याला महात्म्याचे नाव चिकटले.

नाव कोणाचे का असेना, विचार चांगला आहे ना, असे कोणी म्हणेल. पण ही पाटी निरुपयोगी आहे, आणि कारण तिच्या खोट्या जन्मदाखल्याइतकेच साधे आहे. तिच्यात दुकानदाराने काहीच कबूल केलेले नाही. ‘ग्राहक हाच देव’ हे वाचून तराजू किती बरोबर आहे, बिल मिळेल का, गिरणीत दळण किती वाजता तयार होईल, हे कळत नाही. मोठा होकार देऊन कोणताही छोटा होकार न देण्याची ही युक्ती आहे. शेजारीच ‘विकलेला माल परत नाही’ हे असतेच.

होकार कसा लिहावा

एवढ्या पाट्या वाचल्यानंतर जे सुचते ते असे. पाटी लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे वाक्य मी कोणत्या माणसाला उद्देशून लिहितो आहे, तो अजून येतो का? यात जे नाकारले आहे, ते मी ओळखीच्यांना देतो का? देत असेन तर किती, कधीपर्यंत आणि कोणत्या अटीवर, हे मला एका ओळीत सांगता येईल का?

सांगता आले, की नवी पाटी तयार झाली. ‘घाईत असाल तर यादी देऊन जा, अर्ध्या तासात सामान बांधून ठेवू.’ ‘वजन पुन्हा करून मागा, आम्हाला राग येत नाही.’ ‘पुस्तक नसेल तर नाव लिहून ठेवा, आल्यावर फोन करू.’ ‘दुरुस्तीचा खर्च आधी सांगू, विचारल्याशिवाय काम करणार नाही.’ यातल्या प्रत्येक वाक्यात एक कृती आहे आणि ती झाली की नाही हे गिऱ्हाईक तपासू शकते. जे पाळता येणार नाही ते मात्र लिहू नये. ‘फोन करू’ म्हणून न केलेला एक फोन दहा पाट्या पुसून टाकतो.

तक्रारीचेही तसेच. तक्रार घेऊन परत आलेले गिऱ्हाईक हे अजून आपले असते. जे गेले ते बोलायलाही येत नाही. त्याचे पूर्ण ऐकावे, दोष दिसला तर ‘आमच्याकडून झाले’ म्हणावे, काय करणार ते आणि कधी ते सांगावे. आणि हा अधिकार गल्ल्यावर बसलेल्या पोरालाही ठराविक रकमेपर्यंत द्यावा. ‘शेठ आल्यावर या’ हे वाक्य कुठल्याच पाटीवर नसते, पण छोट्या दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारा नकार तोच.

बोलणाऱ्याची बोरेही विकतात, असे आपल्याकडे म्हणतात. छोट्या दुकानदाराला बोलता येते. नाव आठवते, कोणाच्या घरी मधुमेह आहे हे आठवते, कोणाची मुलगी परीक्षेला बसली आहे हेही आठवते. हे भांडवल मोठ्या दालनाला विकत घेता येत नाही. पण ते ओळखीपुरते राहते. गावात नवे बिऱ्हाड आले, बदलीवर कोणी आले, परप्रांतातून कामाला कोणी आले, तर त्यांना दारातच परके वाटते. मग ती माणसे जिथे कोणी ओळखत नाही पण कोणी हटकतही नाही, अशा दालनात जातात. त्यांना तिथे काही फार आवडते असे नाही. आपल्या भिंतीने त्यांना आत बोलावलेलेच नसते.

दिवाळीच्या तोंडावर दुकानांना रंग लागतो. माल बाहेर येतो, फळ्या धुतल्या जातात आणि भिंतीवरच्या पाट्याही दोन दिवस उतरवल्या जातात. लक्ष्मीपूजनाला वही नवी होते, पण पाट्या बहुधा जुन्याच, पुसून, त्याच खिळ्यांना परत टांगल्या जातात. यंदा टांगण्यापूर्वी एकेक हातात घेऊन वाचून पाहावी. काही खिळे रिकामे राहिले तरी चालतील.